धायटी : 'किरकोळ' म्हटलेल्या फुलाचा इतिहास



खानदेशात हिवाळा म्हटलं की काय आठवतं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. भरताची वांगी, कळण्याची भाकरी, शेतातला हुरडा. पण हिवाळ्याचं फूल कोणतं, असं विचारलं तर आपण जरा थांबतो. कोणी शेवंती म्हणेल, कोणी झेंडू. पळस म्हणणारेही निघतील, पण पळस खरा माघ-फाल्गुनातला. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याच्या उतारावर, घाटात जिथे रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे, पुरुषभर उंचीचं एक झुडूप तांबड्या फुलांनी भरायला लागतं. त्याचं नाव धायटी. आजचा विषय हे झुडूप.

तुम्ही म्हणाल, व्याख्यान इतिहासाचं आणि विषय झुडपाचा, हे कसं? इतिहास राजांचा असतो, किल्ल्यांचा असतो, फार तर कापसाचा आणि केळीचा असतो. झुडपाला कसला इतिहास? माझं म्हणणं असं आहे की धायटीला फार जुना आणि फार गुंतागुंतीचा इतिहास आहे. औषध, रंग, दारू, जंगल आणि कायदा, या पाचही गोष्टी तिच्या फुलात येऊन मिळतात. आणि तरीही सरकारच्या दप्तरात तिला दीडशे वर्षं एकच जागा मिळाली : 'किरकोळ'. किरकोळ वनोपज. किरकोळ कोणी ठरवलं, कशावरून ठरवलं आणि त्याचा परिणाम काय झाला, एवढंच आज बघायचं आहे.

आधी ओळख

एक घोटाळा आधीच दूर करतो. धायटी वेगळी आणि धावडा वेगळा. धावडा हा मोठा वृक्ष, त्याचा डिंक आपण लाडवात घालतो. धायटी हे झुडूप. उंची साधारण एक ते तीन मीटर. फांद्या लांब, कमानीसारख्या वाकलेल्या. पानं समोरासमोर, टोकदार, देठाजवळ रुंद. पान उलटं करून उन्हात धरलं तर खालच्या बाजूला बारीक काळे ठिपके दिसतात. ही तिची पक्की खूण.

फुलं फांदीला खालपासून वरपर्यंत चिकटून येतात. प्रत्येक फूल म्हणजे एक छोटी तांबडी नळी, बोटाच्या पेराएवढी. लोक जिला पाकळी समजतात ती खरं तर पाकळी नाही, तो निदलपुंज आहे. पाकळ्या असतात, पण इतक्या बारीक की शोधाव्या लागतात. नळीतून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात. फूल जुनं झालं तरी ही नळी लगेच गळत नाही. तिच्या आत बोंड धरतं आणि बोंडात अगदी बारीक बी. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिचं काम पडणार आहे.

शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. कूळ लायथ्रेसी. या कुळाची आणखी मंडळी सांगितली तर तुम्हाला ती घरचीच वाटतील : मेंदी, डाळिंब, आणि आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल ताम्हण. मेंदीचा रंग, डाळिंबाच्या सालीचा तुरटपणा, ताम्हणाची शोभा, तिन्ही गुण धायटीत थोडेथोडे आहेत असं म्हटलं तरी चालेल.

संस्कृतात तिचं नाव धातकी. आणखी नावं ताम्रपुष्पी, बहुपुष्पी, वह्निज्वाला. म्हणजे तांब्याच्या फुलांची, खूप फुलांची, आगीच्या ज्वाळेसारखी. सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशात तिला धवई म्हणतात. आपल्याकडे यावलच्या जंगलात, रावेर तालुक्यात पालच्या बाजूला, तोरणमाळच्या घाटात, दक्षिणेला चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या डोंगरात ती भेटते. तापीच्या काठच्या काळ्या जमिनीत ती शोधू नका. तिला उतार लागतो, मुरूम लागतो, पाणी निथळून जाणारी जागा लागते.

मडक्यातलं फूल

आता जुन्या ग्रंथांकडे येऊ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधांचे पन्नास गण दिले आहेत. प्रत्येक गणात दहा औषधं. त्यात धातकी एकदा नाही, तीन ठिकाणी येते. जखम सांधणाऱ्या औषधांत, मळ बांधून धरणाऱ्या औषधांत आणि लघवीचा रंग सुधारणाऱ्या औषधांत. याच सूत्रस्थानात पुढे आसवांची मोजदाद आहे. एकूण चौऱ्याऐंशी आसवं, नऊ प्रकारच्या द्रव्यांपासून बनणारी : धान्य, फळं, मुळं, गाभा, फुलं, काण्ड, पानं, साल आणि साखर. त्यातली फुलांची दहा आसवं. बहुतेक फुलं कमळाच्या जातीची, आणि शेवटी मोह, प्रियंगू आणि धातकी.

आसव म्हणजे काय? आसव आणि अरिष्ट ही आंबवलेली औषधं. ढोबळ फरक असा की अरिष्टात औषधाचा काढा करून आंबवतात, आसवात न उकळता. चौदाव्या शतकाच्या आसपासच्या शार्ङ्गधरसंहितेत एक सर्वसाधारण प्रमाण दिलं आहे. जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि गुळाच्या दहावा हिस्सा प्रक्षेप, म्हणजे वरून घालायची चूर्णं. म्हणजे हे अंदाजपंचे काम नव्हतं. माप होतं, क्रम होता.

कृती ऐका. मातीचं मोठं भांडं घ्यायचं. आतून तूप चोळायचं, धुरी द्यायची. काढा, गूळ आणि मध घालायचा. धायटीची वाळलेली फुलं घालायची. तोंडावर झाकण ठेवून कापड आणि मातीने सांधा बंद करायचा. मग ते भांडं धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरून ठेवायचं. का? तर ऊब सारखी राहावी म्हणून. थंडीत दिवस जास्त लागतात, उन्हाळ्यात कमी. झालं की नाही हे कसं कळणार? भांड्याला कान लावायचा. आत सों सों आवाज येत असेल तर काम चालू आहे. आवाज थांबला की पूर्ण झालं. दुसरी परीक्षा जळत्या काडीची. भांड्याच्या तोंडाशी काडी विझली तर आत अजून वायू तयार होतोय. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. नाव माहीत नव्हतं, पण परीक्षा बरोबर होती.

या सगळ्यात धायटीचं काम काय? परंपरा म्हणते, तिच्यामुळे आंबतं. आधुनिक भाषेत सांगायचं तर फुलातल्या मधावर यीस्ट राहतं. वाळलेल्या फुलांबरोबर ते मडक्यात येतं आणि गुळाचं मद्यार्कात रूपांतर सुरू होतं. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. धायटीच्या फुलात टॅनिन भरपूर असतं, तेच ते तुरट द्रव्य. जपानी रसायनशास्त्रज्ञांनी या फुलातून टॅनिनचे काही खास रेणू वेगळे काढले, त्यांना झुडपाच्या नावावरूनच 'वुडफोर्डिन' नाव दिलं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी निंबारिष्टावर काम करून १९९३ साली ते प्रसिद्ध केलं. त्यांना प्रयोगशाळेत असं दिसलं की धायटीची फुलं घातलेल्या अरिष्टाचा रोगप्रतिकारक पेशींवरचा परिणाम बराच वाढतो, आणि तो जंतूंमुळे नव्हे तर फुलातल्याच द्रव्यांमुळे वाढतो. म्हणजे धायटी नुसतं विरजण नाही. ती स्वतः औषधाचा भाग आहे.

दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, कुटजारिष्ट, कुमारी आसव, अर्जुनारिष्ट, नावं घेत चला. बाळंतिणीच्या खोलीत, आजोबांच्या कपाटात यांतली एखादी बाटली असतेच. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. यांतल्या प्रत्येकात धातकी आहे. त्यातही अर्जुनारिष्टाचं बघा. जुन्या पाठात अर्जुनाची साल, मनुका, मोहाची फुलं, धायटीची फुलं आणि गूळ आहे. मोह आणि धायटी दोन्ही वीस-वीस पळं, अगदी समान. दोन्ही जंगलातली फुलं, एकाच मडक्यात, एकाच वजनाची. हे समान वजन ध्यानात ठेवा, कारण पुढे कायद्याने या दोघींचे रस्ते वेगळे केले.

घरगुती वापर यापेक्षा साधा. सावलीत वाळवलेल्या फुलांचं चूर्ण, जुलाब आणि रक्ती आवेवर ताकाबरोबर किंवा मधाबरोबर. लहान मुलांच्या जुलाबांवरही शार्ङ्गधराने धातकी, बेल, धने, लोध्र वगैरेंचा पाठ दिला आहे. गुण तोच, तुरटपणाचा : सैल झालेलं आवळणं, वाहणारं थांबवणं. इथे एक सूचना देतो. हे इतिहासाचं व्याख्यान आहे, प्रिस्क्रिप्शन नव्हे. लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर आधी वैद्यांना विचारा.

फैजपूरचा तांबडा रंग

आता मडकं बाजूला ठेवू आणि रंगाऱ्याच्या हौदाकडे जाऊ.

फैजपूर म्हटलं की आपल्याला १९३६ सालचं काँग्रेस अधिवेशन आठवतं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. पण त्याआधी फैजपूरची ख्याती वेगळी होती. छापील सुती कापड, आणि निळा व तांबडा रंग. रंगाऱ्यांची शेकडो घरं तिथे होती. निळा रंग निळीचा. तांबडा रंग आलीच्या मुळांचा. आल म्हणजे बारतोंडीच्या जातीचं झाड. मुळं खणून, वाळवून, कुटून रंग काढायचा.

पण सुती कापड फार हट्टी असतं. रेशीम, लोकर रंग लवकर धरतात. सूत धरत नाही. त्याला आधी तुरटी द्यावी लागते, आणि तुरटी सुताला नीट चिकटावी म्हणून टॅनिन द्यावं लागतं. टॅनिन कुठून आणायचं? मुख्य म्हणजे हिरड्यातून. आणि काही ठिकाणी धायटीच्या फुलांतून. ब्रिटिश काळात जॉर्ज वॉटने भारतातल्या उपयोगी वनस्पती आणि मालाचा मोठा कोश १८८९ ते १८९३ या काळात काढला. धायटीच्या फुलांचा रंगासाठी आणि आलीच्या रंगकामात साहाय्यक म्हणून होणारा उपयोग त्या काळच्या अशा नोंदींत आलेला आहे. नुसत्या फुलांनीही रेशमाला गुलाबी-तांबूस छटा येते.

म्हणजे इथेही धायटीची भूमिका तीच. मडक्यात ती गुळाला मदत करते, हौदात रंगाला. नाव मोठं होतं ते आलीचं.

मग काय झालं? १८६८-६९ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ॲलिझरिन हा तांबडा रंग कारखान्यात बनवण्याची वाट शोधली. पुढच्या काही वर्षांत डबाबंद तांबडा रंग जगभर पोचला. आपल्याकडे त्याच सुमारास भुसावळ-जळगावला रेल्वे आलेली होती. रेल्वे कापूस घेऊन मुंबईला जात होती आणि येताना रंग, कापड आणत होती. १८९७ पासून कारखान्यातली नीळही बाजारात आली. आल उपटली गेली, निळीचे हौद बुजले. रंगारी कुटुंबांतल्या कित्येकांनी दुसरे धंदे धरले. धायटीचं रंगातलं काम संपलं आणि त्याची कोणी नोंदही घेतली नाही. मोठ्या धंद्याचं मरण इतिहासात येतं, त्याच्या मदतनिसाचं येत नाही.

१८७८ : एक वर्ष, दोन कायदे

आता मुख्य मुद्द्यावर येऊ.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन ब्रिग्ज धुळ्याला बसून कारभार पाहू लागला. १८२५ मध्ये औट्रमने भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. या पहिल्या साठ वर्षांत सरकारचं डोंगराकडे लक्ष होतं ते बंदोबस्तासाठी. डोंगरातला माणूस शांत राहिला म्हणजे झालं. त्याने कोणतं फूल वेचलं, कोणतं कंद खणलं, याच्याशी सरकारला देणंघेणं नव्हतं.

१८७८ साली हे बदललं. त्या एका वर्षात दोन कायदे आले. एक, भारतीय वन कायदा. दुसरा, मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा. वन कायद्याने जंगलाची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी केली. राखीव जंगलात परवानगीशिवाय काहीही करणं गुन्हा. अबकारी कायद्याने दारू गाळणं आणि विकणं सरकारी परवान्याखाली आणलं. डोंगरातल्या माणसाचं घर या दोन कायद्यांच्या बरोबर मधे सापडलं. फुलं जंगलातून आणली तर वन खातं, मडक्यात घातली तर अबकारी खातं.

मोहावर सरकारची नजर पहिल्यापासून होती. १८९२ मध्ये तर मुंबई इलाख्यात मोहफुलांसाठी वेगळा कायदाच झाला. तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी होता. कारण उघड आहे. मोहफुलात साखर, साखरेतून दारू, दारूतून महसूल.

आणि धायटी? इथे मी तुम्हाला कायद्याच्या मजकुराकडे नेतो. १९२७ चा भारतीय वन कायदा अजून लागू आहे. त्यात 'वनोपज' म्हणजे काय याची व्याख्या आहे आणि तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात नाव घेऊन सांगितलेल्या वस्तू : लाकूड, कोळसा, कात, राळ, साल, लाख, मोहाची फुलं, मोहाच्या बिया, हिरडा वगैरे. या वस्तू जंगलात सापडोत किंवा बाहेर, वनोपजच. दुसऱ्या भागात जंगलातून आणलेली झाडं, पानं, फुलं, फळं आणि झाडांचे इतर भाग, सगळं एकत्र.

आता बघा गंमत. मडक्यातला धायटीचा जोडीदार मोह, त्याचं नाव पहिल्या यादीत. रंगाच्या हौदातला तिचा जोडीदार हिरडा, त्याचंही नाव पहिल्या यादीत. धायटीचं नाव नाही. ती 'फुलं' या एका शब्दात गेली. अर्जुनारिष्टाच्या पाठात वीस पळाला वीस पळ असलेली दोन फुलं, कायद्याच्या पाठात एक ठळक अक्षरात आणि दुसरी 'इत्यादी'त.

यात धायटीचा फायदा झाला की तोटा? प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन्ही. नाव नव्हतं म्हणून मोहासारखा तिच्यामागे वेगळा कायदा लागला नाही. पण नाव नव्हतं म्हणून तिची मोजदाद झाली नाही, तिच्यासाठी लागवड झाली नाही, वेचणाऱ्याला भाव मिळावा असं कोणाला वाटलं नाही. कोणी दप्तर उघडून बघितलं तर साग किती तुटला ते सापडेल. धायटी सापडणार नाही. इतिहासकार ज्याला पुरावा म्हणतो तो तिच्याबाबतीत कागदावर कमी आणि औषधाच्या पाठांत, घराघरांतल्या वापरात जास्त आहे.

औषध की दारू?

स्वातंत्र्यानंतर एक नवी अडचण आली. १९४९ मध्ये मुंबई राज्याने दारूबंदी कायदा केला. आता प्रश्न असा : आसव-अरिष्टात मद्यार्क असतो. तो बाहेरून घातलेला नसतो, आंबताना आपोआप तयार होतो, साधारण पाच ते दहा टक्के. मग दशमूलारिष्टाची बाटली घरी ठेवणारी बाळंतीण गुन्हेगार की काय?

हसू येतं, पण प्रश्न खरा होता. मुंबई राज्य विरुद्ध बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये निकाल दिला. दारूबंदीचा मूळ कायदा टिकला, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं जवळ बाळगण्या-वापरण्यावर बंदी आणणारा भाग न्यायालयाने रद्द केला. औषध आणि दारू यांत फरक करावाच लागेल, असा त्याचा अर्थ. मग १९५५ मध्ये औषधी आणि प्रसाधनांवरच्या अबकारी कराचा केंद्रीय कायदा आला. आज बाटलीवर 'स्वयंनिर्मित मद्यार्क' अशा अर्थाची जी ओळ तुम्ही वाचता, तिच्यामागे एवढा इतिहास आहे.

पण एक गोष्ट बघा. हा सगळा वाद कारखान्यात बनलेल्या, लेबल लावलेल्या बाटलीबद्दल होता. लेबल असलेलं मडकं औषध ठरलं. लेबल नसलेलं, पाड्यावरचं मडकं संशयितच राहिलं. आत जाणारं फूल एकच.

उतारावरची नोकरी

आतापर्यंत माणसाच्या कामाची धायटी पाहिली. ती जंगलात स्वतःचं कोणतं काम करते, तेही बघू. कारण पुढचा प्रश्न त्यावर अवलंबून आहे.

सातपुड्याचं जंगल पानगळीचं. दिवाळीनंतर गवत वाळतं, पावसाळी फुलं संपतात. सावर फुलते जानेवारीच्या पुढे, पळस त्यानंतर, मोह मार्च-एप्रिलमध्ये. या मधल्या टप्प्यात फुलातल्या मधावर जगणाऱ्यांनी काय करायचं? धायटी डिसेंबरात सुरू होते आणि पार एप्रिलपर्यंत टप्प्याटप्प्याने फुलत राहते. शिंजीर त्या तांबड्या नळीत चोच घालतात. चष्मेवाले येतात, बुलबुल येतात. सातेरी, फुलोरी, आग्या, तिन्ही मधमाश्या येतात. डोंगरातली पोरं फूल उपटून देठाकडून मध चोखतात, तो भाग वेगळाच. एका अर्थी ती हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा पूल आहे.

दुसरं काम मातीचं. जिथे डोंगर कापला गेला, दरड घसरली, झाडं तुटली, त्या उघड्या मुरमावर लवकर येणाऱ्या झुडपांत धायटी आहे. तोडली तर बुंध्यातून पुन्हा फुटते, वणव्यानंतरही फुटते. तिच्या मुळांनी माती धरली की तिच्या आडोशाला दुसरी रोपं उभी राहू शकतात. म्हणजे मोडलेल्या जंगलाच्या दुरुस्तीत ती सुरुवातीची कामगार आहे. इथेही मदतनीसच. सागाला जंगल म्हणतात, धायटीला झाडोरा.

आता तो बोंडाचा मुद्दा. मी सुरुवातीला म्हटलं, तांबड्या नळीच्या आतच बी धरतं. बाजारात फूल विकलं जातं तेव्हा ती नळीच विकली जाते. म्हणजे पळसासारखं खाली पडलेलं फूल वेचण्याची गोष्ट ही नाही. मोहाचं फूल आपोआप गळतं, ते वेचल्याने झाडाचं काही बिघडत नाही. धायटीचं फूल ओरबाडून काढावं लागतं, आणि प्रत्येक फुलाबरोबर पुढचं बी जातं. घाईत फांद्याच तोडल्या तर पुढच्या वर्षीची फुलंही जातात. एका उतारावरची सगळी फुलं दरवर्षी नेली, तर जुनी झुडपं राहतील, पण नवं रोप येणार नाही. आणि हे लवकर लक्षातही येणार नाही, कारण झुडूप हिरवं दिसत राहतं.

हक्क, भाव आणि मोजदाद

शेवटचा भाग आजचा.

१९९६ मध्ये पेसा कायदा आला. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी मिळाली. आपल्याकडे साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतली गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. २००६ मध्ये वन हक्क कायदा आला. त्याने गौण वनोपज गोळा करणं, वापरणं आणि विकणं हा जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मानला, आणि औषधी वनस्पतींचा त्यात स्पष्ट उल्लेख केला. म्हणजे पावरा, भिल्ल, तडवी, कोकणा कुटुंबातली जी बाई फूल वेचते, ती कायद्याने आता चोर नाही, मालक आहे. १८७८ पासून एवढं अंतर कापायला एकशे अठ्ठावीस वर्षं लागली.

पुढे केंद्र सरकारने गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किंमत ठरवायला सुरुवात केली. त्या यादीत वाळलेली धवईफुलं आहेत. २०२० मध्ये त्यांचा भाव किलोला ३७ रुपये ठरला. सरकारी कागदावर तिचं स्वतःचं नाव आलं, ही मला मोठी गोष्ट वाटते. पण हिशेब करा. फूल कापसासारखं हलकं. एक किलो वाळलेलं फूल म्हणजे किती झुडपं, उतारावर किती फेऱ्या, उन्हात किती दिवस राखण? आणि तेच फूल ज्या बाटलीत जातं तिची किंमत काय? ३७ रुपयांत ज्याला घाई आहे तो फांदी तोडणार. ज्याला सावकाश, अर्धी फुलं झुडपावर ठेवून वेचायला सांगायचं आहे, त्याला तेवढा भाव द्यावा लागेल. जंगल राखण्याचा प्रश्न आणि भावाचा प्रश्न हे दोन प्रश्न नाहीत, तो एकच आहे.

'गौण' या शब्दाकडे म्हणूनच संशयाने बघा. तो निसर्गातून आलेला नाही, तो जमाखर्चाच्या वहीतून आलेला आहे. लाकडाला मुख्य धरलं की बाकी सगळं गौण होतं. मधमाशीला विचारलं तर साग गौण ठरेल. वैद्याला विचारलं, रंगाऱ्याला विचारलं तरी यादी वेगळी येईल.

मग आपण काय करायचं? दोन साध्या गोष्टी सांगतो. ज्या ग्रामसभांना हक्क मिळाला आहे त्यांच्या वहीत धायटीला स्वतंत्र पान हवं. कोणत्या उतारावर किती झुडपं, कोणत्या वर्षी वेचली, कोणत्या वर्षी मोकळी सोडली, किती फुलं ठेवली, काय भाव मिळाला. दीडशे वर्षं जी नोंद झाली नाही ती आता गावच करू शकतं. आणि इथे बसलेल्या शिक्षकांना, महाविद्यालयातल्या मुलांना सांगणं असं की ज्या आज्यांना धायटीचा घरगुती वापर ठाऊक आहे, त्यांच्याकडून तो त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. अहिराणीत, पावरीत, तडवी भिलीत. त्या पाड्यावर फुलाला काय म्हणतात ते नाव आधी लिहा, लॅटिन नाव नंतर.

हिवाळा आहे. पालच्या किंवा तोरणमाळच्या रस्त्याने जाल तेव्हा तांबडी झुडपं दिसतील. गाडी थांबवा, पान उलटून काळे ठिपके बघा, एक फूल चोखून बघा. बाकीची झुडपावर राहू द्या.